पेल्यामागचे हात : डहाणू-तलासरीच्या वाटेवर

जगातली माणसे काय पितात आणि कशी पितात याची छायाचित्रे काढण्याचा छंद सध्या फार वाढला आहे. तुर्कस्तानातला कंबरेत बारीक असलेला काचेचा चहाचा पेला, अर्जेंटिनातले दुध्यासारख्या भांड्यातून नळीने ओढून प्यायचे माते, तिबेटचा लोणी-मीठ घातलेला चहा, इथिओपियातली निखाऱ्यावर उकळणारी कॉफी. मोबाईल उघडला की हे सारे घरबसल्या दिसते. ही चित्रे पाहायला सुरेख असतात. परंतु बहुतेक चित्रांत पेला दिसतो, तो भरणारा हात दिसत नाही. आणि ज्याला तो पेला मिळालाच नाही, तो तर मुळीच दिसत नाही.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. आपला सारा लढाच मुळी ओंजळभर पाण्यापासून सुरू झाला. म्हणून यंदा डहाणू-तलासरीला जायचे ठरले तेव्हा आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली. समुद्र आणि चिकूच्या बागा तर पाहायच्याच. पण त्याबरोबर इथली माणसे काय पितात, कोणाच्या हातून पितात आणि कोणाला प्यायला मिळत नाही, तेही पाहायचे.

चहाची कपबशी

एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. त्यामुळे कष्टकरी कुटुंबालाही ही सहल परवडते. पहाटेची गाडी पकडावी, बरोबर भाकरी-चटणीचा डबा घ्यावा. विरार सुटले की मिठागरे, खाड्या, मग भाताची शेते लागतात आणि पालघर ओलांडल्यावर रुळांच्या दोन्ही अंगांना ताडाची झाडे उभी दिसू लागतात.

स्टेशनाबाहेर पहिला पेला हाती आला तो कटिंग चहाचा. टपरीवर वारली मजूर, कोळीण, कॉलेजचा विद्यार्थी, रिक्षावाला सगळे एकाच तऱ्हेच्या काचेच्या ग्लासातून चहा पीत होते. नव्या पिढीला त्यात विशेष वाटणार नाही. परंतु आपल्या आजी-आजोबांना विचारा. गावच्या हॉटेलाबाहेर कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन ती आपणच विसळायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. चहा वरून ओतला जाई, हाताला हात लागू नये म्हणून. मुंबईत गिरणीत आलेल्या आपल्या माणसांना इराण्याचे हॉटेल जवळचे वाटे, ते काही केवळ पावासाठी नव्हे. तिथे पैसे टाकले की जात न विचारता सगळ्यांसारखाच कप समोर येई.

डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागाही बऱ्याचशा इराणी आणि पारशी कुटुंबांनी वाढवलेल्या. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज रस्त्याच्या कडेला चिकूचे थंडगार दूध विकत मिळते आणि पर्यटक त्याचा फोटो काढतात. बागेत झाडावर चढून चिकू उतरवणारा, तो वेचणारा आणि पेट्या भरणारा हात मात्र बहुतांशी वारली मजुराचा असतो.

ताडाखालची गोष्ट

डहाणूहून तलासरीकडे जाताना ताडाला टांगलेली गाडगी दिसू लागतात. पायात दोराचा फास, कमरेला कोयता अशा बेताने माणूस सरळसोट झाडावर चढतो, पोय छेदतो आणि तिच्या तोंडाशी गाडगे बांधतो. थेंब थेंब रस रात्रभर साठतो. मडक्याला आतून चुना लावून सूर्योदयापूर्वी उतरवलेला ताजा, गोड रस म्हणजे नीरा. चुना नसला आणि ऊन चढले की तोच रस आंबतो आणि त्याची ताडी होते. छेदलेल्या पोयीला मग ताडगोळे धरत नाहीत. म्हणजे एकाच झाडाकडून नीरा घ्यायची, ताडी घ्यायची की मुलांच्या खाण्याला ताडगोळे ठेवायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

वारली समाजाच्या जीवनात ताडाला मोठे स्थान आहे. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचे भांडे पिण्यासाठी, आणि तसल्याच दुध्याला बांबू व ताडाचे पान जोडून केलेला तारपा वाजवण्यासाठी. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हे जीवन पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघांनी जगापुढे नेले. १९३४ साली जन्मलेल्या या कलावंताला २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. वारली चित्रात ताडावर चढणारा माणूस, टांगलेले गाडगे आणि खाली पाण्याचा हंडा नेणारी बाई नेहमी भेटतात. पूर्वी ही चित्रे लग्नघरच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने काढीत. कॅमेरा इथे यायच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी आपल्या पिण्याचे चित्र स्वतःच काढले होते. त्या चित्रात चढणाराही आहे, वाहणारीही आहे. कोणी हास्यास्पद दिसत नाही.

बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याचे तसे नाही. झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याचा, झिंगलेल्या तरुणाचा फोटो काढायचा, खाली गमतीचे दोन शब्द लिहून तो मित्रांना धाडायचा, हे आम्ही रस्त्यात पाहिले. फोटो काढणारी पोरे शहरातली, चांगल्या घरची होती. उद्या त्यांत आपलीही मुले असतील. म्हणून या ताडीमागचा इतिहास त्यांना सांगितला पाहिजे.

इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. झाडामागे कर बसला. दारूचे मक्ते बड्या ठेकेदारांना मिळाले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्यावाचून मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आला. रानातले झाड, रानातले फूल. पण आदिवासीने आपल्या हाताने काही करायचे नाही, दुकानातून विकत घ्यायचे. विकत घ्यायला पैसा नाही म्हणून उधार, उधारीपोटी जमीन, जमीन गेली की वेठ. सरकारच्या तिजोरीत महसूल जमा झाला आणि आदिवासीच्या कपाळावर ‘दारुडा’ हा शिक्का बसला.

यावर आदिवासींनी दिलेले उत्तर फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतून एक लाट उठली आणि ती डोंगर ओलांडून दक्षिण गुजरातपर्यंत गेली. दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असा तिचा आदेश होता. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हा आदेश देवी अंगात येऊन देते, असे लोक मानीत. आपण बौद्ध अंगात येणे मानत नाही. परंतु त्यामागचे माणसांचे शहाणपण ओळखायला काय हरकत आहे? ज्या पेल्याने आपली जमीन गिळली तो पेला त्यांनी स्वतः खाली ठेवला. कोणी साहेब किंवा सुधारक त्यांना शिकवायला आला नव्हता.

पुढे २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. ताडाच्या सावलीतल्या माणसाचा फोटो काढताना हा माणूसही आठवावा.

दोन नळ आणि एक तळे

अमेरिकेत १९५० साली एलियट अर्विट या छायाचित्रकाराने नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक चित्र टिपले. भिंतीवर दोन पाट्या, खाली पिण्याच्या पाण्याच्या दोन सोयी. गोऱ्यांसाठी मोठी, काळ्यांसाठी लहानसे बेसिन, आणि त्यावर वाकलेला एक काळा माणूस. १९५६ साली गॉर्डन पार्क्स यांनी, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, अलाबामा राज्यात ‘लाइफ’ मासिकासाठी अशाच वेगळ्या नळाशी पाणी पिणारी आपली माणसे टिपली. वर्णभेद म्हणजे काय हे ज्यांना भाषणांतून कळत नव्हते त्यांना या चित्रांतून कळले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तिथले असे वेगळे नळ बेकायदा ठरले.

आपल्या घराघरांत महाडचे चित्र आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि मागून हजारो लोक प्याले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपला हक्क मान्य केला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली. भिंतीवरची ती चित्रे चित्रकारांनी हाताने काढलेली आहेत, आणि त्यांत बाबासाहेबांच्या हाती पेला नाही, ओंजळ आहे. पाणी आपल्या हाताने घेण्याचा तो हक्क होता.

तलासरीचे दूध आणि पाणी

तलासरी हे महाराष्ट्रातल्या कोकणाचे उत्तरेकडचे टोक. महामार्गाने थोडे पुढे गेले की आच्छाड आणि मग गुजरातची हद्द. पलीकडे दारूबंदी, बाजूला दमण आणि दादरा-नगर हवेलीत मात्र दारू खुली. त्यामुळे या रस्त्यावर बाटल्यांच्या चोरट्या वाहतुकीच्या बातम्या वरचेवर येतात.

याच वाटेवर दापचरी लागते. मुंबईतले गोठे बाहेर हलवावेत आणि शहराला दूध मिळावे म्हणून शासनाने इथे दुग्ध प्रकल्प उभारला. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. पुढे प्रकल्प उतरणीला लागला, गोठे ओस पडले. मुंबईच्या मुलांच्या पेल्यातले दूध आठवताना ज्यांच्या जमिनीवर त्या गाई बांधल्या त्यांच्या मुलांचा पेलाही डोळ्यांपुढे आणावा.

पाण्याची गोष्ट तर थेट आपल्या घरातली आहे. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यावर बायका हापशाभोवती रांग लावतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात या भागातल्या शेतीसाठी बांधले. नंतर त्या पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्याची योजना झाली आणि २०२३ साली वसई-विरारकडे ते पाणी वाहू लागले. नालासोपारा-विरारच्या चाळींत आपलेच हजारो बांधव राहतात. त्यांनाही पाणी हवेच, टँकरच्या मागे धावून तेही थकले आहेत. परंतु आपल्या नळाला पाणी आले त्या दिवशी धरणाजवळच्या पाड्यातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला का, हे आपण विचारायला हवे. महाडचे वारस ते विचारणार नाहीत तर कोण विचारणार?

आपले पाचवे शील

काही वाचक म्हणतील, आपण पंचशील घेतलेली माणसे. ताडीची एवढी चर्चा कशाला? पाचव्या शीलाने आपण मादक पदार्थांपासून दूर राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण पाळलीच पाहिजे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती हातावर पोट असलेली माणसे होती. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात स्त्रियांना मतदानाचा मार्ग आहे. ‘आडवी बाटली’ निवडून आणणाऱ्या आयाबहिणी पाचवे शील नुसते म्हणत नाहीत, वस्तीत उतरवतात.

परंतु शील हे स्वतःला सावरण्यासाठी असते. शेजाऱ्याला हिणवण्यासाठी ते वापरले तर ते शील राहत नाही. आपल्यालाही एकेकाळी ‘हे लोक असेच’ असे म्हटले जाई.

फोटो जरूर काढा

मुलांना घेऊन डहाणू-तलासरीला जरूर जा. फोटोही काढा. मात्र आधी विचारा, ‘काका, फोटो काढू का?’ नाही म्हणाले तर मोबाईल खिशात ठेवा. काढलेला फोटो त्यांना दाखवा, जमल्यास छापून पाठवा. नशेत असलेल्या माणसाचा फोटो काढू नका. तो हो म्हणाला तरी काढू नका. फोटोत पेला घ्या, पण तो भरणारा हातही घ्या. ताडावर चढणारा, हापसा मारणारी मुलगी, आंबील वाटणारी आजी, चहा गाळणारा पोरगा. खाली गावाचे नाव आणि तारीख लिहा.

येत्या २० मार्चला आपापल्या विहारात अशा फोटोंची एक भिंत करता येईल. आपल्या वस्तीतला जुना नळ, गावची पूर्वी बंद असलेली विहीर, आजीची जपून ठेवलेली कळशी, आणि शेजारी तलासरीच्या पाड्यावरचा हंडा. फोटो लावून झाले की मुलांना एकेका चित्रापुढे उभे करा आणि एवढेच विचारा, ‘हे पाणी कोणी भरले? आणि कोणाला मिळाले नाही?’ उत्तरे त्यांना शोधू द्या.

जय भीम!