शेवटची बरोबर पायरी

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण तिच्या वयाकडे बोट दाखवतो. मिक्सर जुना झाला, पंखा जुना झाला, आणि बोलता बोलता घरातली माणसंही जुनी झाली, असं म्हणून मोकळे होतो. आमच्या घरात १९९६ साली एका स्कूटरने ही सवय थोडी मोडली.

स्कूटर सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. ते शाळेत गणित शिकवत आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात सासूबाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं वळेनात. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं होतं. ह्यांची नोकरी सकाळची, माझीही तशीच. अण्णा म्हणाले, "तुम्ही आपापली कामं करा. हिला मी नेईन." त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात एक निराळाच तोरा आला होता.

चौथ्या आठवड्यात स्कूटर रस्त्यात आचके देऊ लागली. ओळखीच्या कारागिराने कार्बोरेटर उघडून साफ करून दिला. गाडी घरी आली ती हातगाडीवरून, कारण त्याच्या दुकानातच ती सुरू होईना. "काबुरेटर गेलाय काका, नवा टाका," असा निरोप सोबत होता. अण्णांनी अंगणात वीस-पंचवीस किका मारल्या. ती पिढी करायची तशी गाडी एका अंगाला झुकवूनही पाहिली. शेवटी गुडघा धरून ते पायरीवर बसले.

संध्याकाळी हे म्हणाले, "अण्णा, आता पुरे. गाडी भंगारात देऊन टाकू. रिक्षाचे पैसे मी देत जाईन." बोलण्यात काळजीच होती. पण अण्णा काही न बोलता आत गेले आणि जेवायलाही उशिरा आले. पैशांचा प्रश्न नव्हताच. बायकोला दवाखान्यात नेणं हे त्यांचं काम होतं, आणि ते काम हातातून जात होतं.

रविवारी सकाळी पाहते तर अण्णा अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून बसलेले. मला म्हणाले, "सूनबाई, गणित चुकलं की मी मुलांना काय सांगत असे? उत्तर खोडू नका. शेवटची बरोबर पायरी कुठली ते शोधा. ही गाडी कारागिराकडे गेली ती आचके देत का होईना, चालत गेली. म्हणजे त्यानंतर ज्याला हात लागला, तिथेच बघायचं."

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, असं त्यांनी मला समजावलं: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर करतो. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. त्याच्या पोटात एक लहान हौद असतो आणि त्यावर तरंगणारा फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, अगदी तसाच. हौद भरला की सुई वर जाऊन पेट्रोल बंद, रिकामा झाला की पुन्हा चालू.

टाकीत पेट्रोल होतं, कॉकही चालू होता. मग अण्णांनी स्पार्क प्लग काढला. तो कोरडा ठणठणीत. एवढ्या किका मारून, चोक ओढूनही प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही. तो ओला निघाला असता तर उलट अर्थ होता: पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी पडत नाही. तरीही त्यांनी ठिणगी तपासलीच. पेट्रोलचा वास नाही याची खात्री केली आणि प्लगला कॅप लावून तो भोकापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून धरला. मी हाताने किक दाबली. निळी ठिणगी चमकली. एक शंका फिटली.

आता पेट्रोल कुठे अडतंय? कॉक बंद करून त्यांनी नळी कार्बोरेटरकडून सोडवली, बाटलीत धरली आणि कॉक उघडला. छान धार आली! नळी परत बसवली, प्लग लावला, किका मारल्या. गाडी ढिम्म.

"म्हणजे कार्बोरेटरच गेला," मी म्हटलं. अण्णांनी मान हलवली. झाकण उघडून सुई पाहिली, तर ती हलकी वरखाली होत होती. कारागिराने काम अगदी स्वच्छ केलं होतं.

अण्णा बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "नळी बाहेर असते तेव्हा पेट्रोल येतं. आत बसवली की येत नाही. मग बसवताना काय होतं?" सासूबाई डाव्या हातात बॅटरी घेऊन जवळ आल्या. त्यांनी उजेड टाकला आणि त्यांनाच आधी दिसलं. "अहो, ही बघा, मुडपलीय की!"

खरंच, टाकी आणि कार्बोरेटरचा डबा यांच्यामधल्या सापटीत नळी दुमडली होती. साफसफाई करताना जुनी, कडक झालेली नळी बदलली होती. नवी दोन-अडीच इंच लांब होती. बाहेर ओढली की सरळ व्हायची, आत सारली की घडी पडायची. कार्बोरेटर निर्दोष होता, त्याच्यापर्यंतचा रस्ता बंद होता.

अण्णांनी ब्लेडने नळी बेताची कापली, क्लिप लावली. हौद भरायला मिनिटभर थांबले. चौथ्या किकला इंजिन फुटफुटलं आणि अंगणभर निळसर धूर झाला. हे दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून बाहेर आले. अण्णा त्यांना काहीच बोलले नाहीत. सासूबाईंना एवढंच म्हणाले, "उद्या साडेनऊला तयार राहा."

हे काम घरी करायचं तर उघड्यावर करावं. जवळ काडेपेटी, उदबत्ती, देवाचा दिवा काही नको. लहान मुलांना दूर ठेवावं आणि सांडलेलं पेट्रोल उडून जाईपर्यंत ठिणगीची परीक्षा करू नये. प्लग ओला निघालाच तर कॉक बंद करून तो पुसावा, वाळू द्यावा आणि मगच पुन्हा किक मारावी.

आता असे प्रसंग कमीच. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊन घराघरांत पोचलेली चेतक पुढे बंद झाली, आणि २०२० मध्ये त्याच नावाने विजेवर चालणारी स्कूटर आली. त्याच वर्षी एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या पेट्रोल गाड्यांतूनही कार्बोरेटर बहुतेक हद्दपार झाला. सासूबाईंची बोटं त्या दिवाळीपर्यंत वळू लागली, चकलीचा सोऱ्या त्यांनीच फिरवला. अण्णा पुढे सात वर्षं ती गाडी चालवत होते.

अण्णा आज नाहीत, पण त्यांची रीत आमच्या घरात राहिली आहे. मुलाचे गुण अचानक घसरले, शेजारणीचं येणं-जाणं थांबलं, घरातलं वडीलधारं माणूस गप्प गप्प राहू लागलं, की आम्ही आधी विचारतो: सगळं ठीक होतं ते शेवटचं कधी, आणि त्यानंतर काय बदललं? उत्तर पुष्कळदा लहानसं निघतं. ते शोधण्याआधी कुणाला भंगारात काढायची घाई मात्र करू नये.