नव्याण्णव टक्के

लॅबमध्ये आल्या आल्या एका आकड्याने मला भुरळ घातली. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलीअँपिअर-तास साठवतं; सिलिकॉन साधारण ३,६००. मग फोनच्या बॅटरीत अजून ग्रॅफाइट कशाला? सीनियर ताई एवढंच म्हणाली, “आधी एक सेल बनव.”

सिलिकॉनची पूड, कार्बन आणि बाइंडर पाण्यात घोटून केलेली काळी स्लरी तांब्याच्या फॉइलवर पसरायची. स्वस्त ॲल्युमिनियम इथे चालत नाही, लिथियम त्यातच शिरून बसतं. वाळल्यावर चकत्या कापायच्या आणि आर्गॉन भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये, जाड रबरी हातमोजे घालून, लिथियमच्या चकतीसमोर बसवायच्या. त्या हातमोज्यांनी चिमट्यात सेपरेटर पकडणं ही शिक्षाच आहे.

सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या सायकलरवर लावला आणि गोंधळ सुरू झाला. स्क्रीनवर ‘डिस्चार्ज’, आणि सिलिकॉनमध्ये लिथियम भरतंय! “समोर लिथियम धातू आहे ना,” ताई म्हणाली, “म्हणून इथे आपलं सिलिकॉनच धन बाजू. खऱ्या बॅटरीत उलटं.” मी मान हलवली. समजलं दोन दिवसांनी.

लिथियमने पूर्ण भरलं की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं. ग्रॅफाइट जेमतेम दहा टक्के फुगतं. फुगताना-आकसताना कण तडकतात, उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून थर जमतो आणि प्रत्येक थर थोडं लिथियम कायमचं गिळतो. यावर उपाय म्हणून २००८मध्ये स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून दाखवल्या. साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कणही तडकत नाहीत. पण कण जितका बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणजे थरही जास्त. आगीतून फुफाट्यात.

माझ्या सेलची कूलॉम्बिक कार्यक्षमता, म्हणजे दर फेरीत आत गेलेल्या लिथियमपैकी परत बाहेर आलेला वाटा, ९९ टक्के आली. मी खूश. ताईने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला: ०.९९चा शंभरावा घात. उत्तर ०.३७. शंभर फेऱ्यांत जवळपास दोन तृतीयांश लिथियम गायब! मग माझा क्षमतेचा आलेख इतका सपाट कसा? कारण समोरच्या चकतीत लिथियम हवं तेवढं होतं. तोटा तिथून गुपचूप भरून निघत होता. खऱ्या सेलमध्ये कॅथोडमधून येईल तेवढंच. ग्रॅफाइटमध्ये चवीपुरतंच सिलिकॉन का मिसळतात, ते तेव्हा कुठे उमगलं. नुसत्या अशा, लिथियम धातूसमोर लावलेल्या ‘अर्ध्या सेल’च्या आलेखावर मिरवणाऱ्यांकडे मी आता जरा संशयानेच बघते.

आता निकेल-मँगनीज-कोबाल्टचा कॅथोड लावून पूर्ण सेल करायचाय. चकत्या तयार आहेत; दोन्ही बाजूंच्या क्षमतेचा मेळ कसा बसवायचा, ते मात्र अजून डोक्यात शिरत नाहीये.