दोन हॉर्न

आमच्या जुन्या घराच्या कौलांना पोटाच्या बाजूनं उठावाची इंग्रजी अक्षरं होती. मृगाच्या आधी बाबा घर शाकारायला वर चढायचे. मी खालून एकेक कौल त्यांच्या हातात द्यायचो आणि देण्याआधी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. धूळ निघाली की खाली मंगळूर सापडायचं. शाळेतल्या नकाशात दिसायच्या आधीच ते गाव माझ्या बोटांना ठाऊक झालं होतं.

आजी सांगायची, ही कौलं समुद्रानं आली. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मागोमाग इतरांचेही निघाले, आणि तिथली भाजलेली माती गलबतांत बसून कोकणच्या बंदरांवर उतरू लागली. आमची कौलं दाभोळच्या खाडीतून आत शिरली, वाशिष्ठीनं वर येत चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्याला लागली आणि तिथून बैलगाडीनं वाडीत आली. वाटेत सतरा फुटली. फुटक्या कौलांचा तो आकडा आजीला म्हातारपणीही पाठ होता. तिच्या सासऱ्यांनी अंगणात मांडून मोजली होती.

तिच्याकडूनच मी ‘आगोट’ हा शब्द शिकलो. पावसाळा तोंडावर आला की गलबतं किनाऱ्याला ओढली जात. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहीपर्यंत बंदरावर काही उतरायचं नाही. त्या दिवसांची बेगमी वैशाखातच करून ठेवायची, ती आगोट. मीठ, मिरची, गुळाची ढेप, कुळीथ, सुकी मासळी, रॉकेल, चुलीची लाकडं. गलबतं कधीच थांबली होती आणि हायवेवरून ट्रक धावत होते, तरी आजीची आगोट चुकली नाही. दरड कोसळून घाट बंद झाला की शेजारचे लोक मीठ मागायला आमच्याकडेच यायचे. माल येतो म्हणजे कुणीतरी तो आणतं, आणि आणणाऱ्याची वाट कधीही अडू शकते, एवढं तिला पक्कं माहीत होतं. माझ्या मते मालवाहतुकीचं याहून मोठं शिक्षण नाही.

आमच्याकडे माल आणणारा माणूस घरातच होता. बाबा ट्रक चालवायचे. सहाचाकी, नऊ टन पासिंगची गाडी. गाडी शेठची, पण तिची ताडपत्री आई शिवायची. भिवंडीहून भरायचं आणि मडगावला रिकामं करायचं. किराणा, प्लास्टिकच्या खुर्च्या, छपाईचा कागद, औषधांची खोकी, कधी कुणाच्या लेकीच्या लग्नाचं कपाट. येताना जे मिळेल ते रिटर्न भाडं. महिन्याला चार-पाच खेपा व्हायच्या, म्हणजे आठ-दहा वेळा ते घरावरून जायचे आणि त्यातून दोनदा जेमतेम घरी उतरायचे.

घर परशुराम घाटाच्या पायथ्याला, हायवेपासून जरा वर. रात्री लोट्याकडून गाडी घाट उतरायला लागली की दिव्यांचे दोन ठिपके झाडांत लपत, दिसत खाली यायचे. आईला आवाज ओळखू यायचा. दुसऱ्या गीअरवर इंजिन धरलंय की नाही, हे ती अंथरुणातून सांगायची. शेवटच्या वळणावर बाबा दोन हॉर्न द्यायचे, एक आखूड, एक लांब. आई उठून पडवीतला दिवा लावायची आणि लगेच विझवायची. दिवा लागून विझला म्हणजे घरी सगळं ठीक. दोन हॉर्न आले म्हणजे गाडीत सगळं ठीक. फोन नव्हता तेव्हा. एवढ्यावर आमचा संसार चालायचा.

घाट उतरून आलेल्या गाडीला एक वास असतो. तापलेल्या ब्रेक लायनरचा, जळक्या काथ्यासारखा. बाबा घरी उतरले की तो वास त्यांच्या शर्टाला असायचा. दोनदा धुतला तरी जायचा नाही.

लोकांना वाटतं, ट्रकवाल्याचं आयुष्य धावण्यात जातं. ते जास्त करून थांबण्यात जातं. भरायला थांबा, बिल्टीला थांबा, नाक्यावर थांबा, रिकामं करायला थांबा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, त्याने नाक्यांवरच्या रांगा सरल्या. गोदामाबाहेरच्या रांगेला मात्र कायदा नाही. एकदा एका गोदामासमोर बाबा दोन दिवस, दोन रात्री उभे होते. आतले म्हणायचे, जागा झाली की बोलावतो. रात्री झोपावं तर रांग सरकल्यावर मागचे शिव्या घालणार, म्हणून झोपही नाही. थांबल्याचे पैसे देतात, त्याला या धंद्यात ‘हॉल्टिंग’ म्हणतात, पण ते जातात शेठकडे. तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी झाली आणि त्याच पावली तेच डोळे घेऊन ते परत घाटाला लागले. ते ऐकताना आईनं काही म्हटलं नाही. फक्त त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला आजही त्या गोदामाच्या फाटकाचा राग येतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. शिमग्याला बाबांचा क्लीनर पालखी नाचवायला गावी गेला, म्हणून त्या खेपेला मी क्लीनर. भिवंडीत गाडी भरल्यावर शेठनं सांगितलं, या वेळी कोलाडहून रेल्वेनं जायचं.

कोकण रेल्वे १९९८ साली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली. डोंगर पोखरून एक्याण्णव बोगदे, दऱ्यांवरून पूल, आणि तो सगळा सात-साडेसातशे किलोमीटरचा मार्ग मुख्यतः एकेरी. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९९ मध्ये, कोलाड ते गोव्यातलं वेर्णे अशी ‘रोरो’ सुरू झाली. भरलेला ट्रक आहे तसा सपाट वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनरनं केबिनमध्येच बसायचं आणि आगगाडीनं सगळ्यांना घेऊन निघायचं. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली, मंगळूरच्या उंबऱ्यापर्यंत. आमच्या कौलांच्या गावाला.

कोलाडला संध्याकाळी एका लोखंडी कमानीखालून गाडी काढली. बोगद्यात वरचा माल अडकेल का, ते तिथं कळतं. आमची ताडपत्री मध्ये फुगली होती. मी वर चढून ती पायानं दाबली, रस्सी पुन्हा आवळली. मग उतारावरून गाडी पहिल्या वाघिणीवर. तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. चाकांच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा. बाबांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं आणि मी पुढं उलटा चालत हात दाखवत होतो. आयुष्यात इतक्या हळू गाडी चालवताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. जागेवर लागल्यावर गीअर टाकला, हँडब्रेक ओढला. रेल्वेच्या माणसांनी चाकांच्या पुढंमागं लाकडी ठोकळे ठोकले, साखळ्या बांधल्या. बाबा खाली वाकून एकेक साखळी स्वतः ओढून बघत होते.

“आता?” मी विचारलं.

“आता काय, बसायचं,” ते म्हणाले. पण बसले ते स्टिअरिंगसमोरच.

अंधार पडल्यावर गाडी हलली. इंजिन आमचं बंद आणि झाडं मागं पळताहेत. माणगाव गेलं, वीर गेलं. मधूनच हायवे जवळ यायचा, त्यावर ट्रकांची माळ दिसायची, घाटाकडे तोंड करून. पुढं नातूवाडीच्या बोगद्यात शिरलो. साडेचार किलोमीटरला जरा कमी. ज्या कशेडी घाटात बाबांनी हजार वेळा हातांची सालं काढली, त्याच्या बाजूचा डोंगर आम्ही पोटातून ओलांडत होतो. तेव्हा इंजिनं डिझेलची. धूर आत येऊ नये म्हणून आम्ही काचा वर केल्या, तोंडाला ओलं फडकं लावलं आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या हिरव्या दिव्यात एकमेकांचे चेहरे बघत राहिलो.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार लागला. मी सहज खाली पाहिलं. बाबांचा उजवा पाय ब्रेकवर होता. दाबलेला. वळण आलं की दाबायचे, सरळ आलं की सोडायचे. खाली चाकं साखळ्यांनी जखडलेली, ब्रेकला काही अर्थच नव्हता, आणि त्यांना ते कळत होतं. मी त्यांच्याकडे बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पाय उचलला, मांडी घातली. पुढच्या वळणाला मांडी मोडून पाय परत खाली गेला.

“हे ऐकत नाही रे,” पायाकडे बघत ते म्हणाले.

त्या पायाचा विचार मी अजून करतो. रस्ता किती पदरी झाला, बोगदा किती लांब, गाडीत किती टन बसले, हे मोजायला यंत्रणा आहे. घाटात रात्रभर जागा राहिलेला पाय कुठल्याच तक्त्यात येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तेव्हा पेपर वाचताना मला भरून आलं. इतकी साधी गोष्ट, आणि बाबांची हयात गेल्यावर आली. मुंबई–गोवा रस्ता रुंद करायला दशकाहून जास्त काळ गेला. तो पूर्ण व्हावा असं मलाही वाटतं. पण मालवाहतुकीचा विचार करताना मी आधी ड्रायव्हर कुठं झोपतो ते बघतो. कोकण रेल्वेच्या त्या वाघिणींनी डिझेल वाचवलं, टायर वाचवले, घाटातली कोंडी कमी केली, हे सगळं खरं आणि महत्त्वाचं. माझ्यासाठी त्यांचं मोल यात आहे की रोज दुसऱ्याचा भार वाहणाऱ्या माणसाला त्यांनी एक रात्र उचलून नेलं. २०२५ च्या गणपतीत चाकरमान्यांच्या मोटारींसाठीही तशी गाडी निघाली, तेव्हा बातम्यांत तिचं कौतुक झालं. ट्रकवाले वाघिणींवर चढायला लागून तोवर पंचवीस वर्षं उलटली होती.

खेड मागं पडलं. चिपळूणच्या अलीकडे सिग्नल लाल होता. एकेरी मार्ग, समोरून पॅसेंजर यायची होती. मालगाडीनं थांबायचं असतं. सगळं शांत झालं, फक्त साखळ्या किणकिणल्या. डाव्या हाताला काळा डोंगर, त्यात घाटाचे हलणारे दिवे आणि त्याच्या पायाशी आमची वाडी. मी घर शोधत होतो, बाबांना ते आधीच सापडलं होतं.

त्यांनी हात पुढं केला आणि हॉर्न दाबला. एक आखूड. एक लांब.

पुढच्या वाघिणीवरच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. आम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं अंधारात एक पिवळा ठिपका उमटला. पडवीचा दिवा.

“लागला,” बाबा म्हणाले. इतक्यात समोरून पॅसेंजर धडधडत आली, तिच्या उजेडाच्या खिडक्यांनी सगळं झाकलं, आणि ती गेली तशी आमची गाडी सुटली. वळणामागं घर गेलं.

मग मात्र बाबा सीटमागच्या फळीवर आडवे झाले. उक्षीच्या पुढं करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, मी काचा वर केल्या, त्यांना कळलं नाही. रत्नागिरीपुढं पानवल नदीवरून, चौसष्ट मीटर उंचावरून गाडी गेली, तेव्हा मी भीतीनं दार धरून बसलो होतो. ते झोपलेले होते. राजापूर, कणकवली, कुडाळ. एवढा वेळ झोपलेले बाबा मी पहिल्यांदा पाहत होतो. तोंड थोडं उघडं, एक हात छातीवर, आणि उजवा पाय सैल. मांडवी ओलांडताना ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मी माझा टॉवेल खिडकीला लावला. झुआरीच्या पुलावर ते जागे झाले आणि आधी घड्याळ बघून घाबरले.

चौथ्या दिवशी रस्त्यानं परत येताना आम्ही घरी उतरलो. आई अंगणात होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्ड पाहिलं, काच पाहिली, मग आमच्याकडे.

“त्या रात्री हॉर्न आला,” ती म्हणाली. “दिवा लावला. पण घाटातून गाडी उतरली नाही. बघते तर वळणावर कोणीच नाही. तशीच रस्त्यावर जाऊन उभी राहिले. येणाऱ्या दोन गाड्यांना हात केला, विचारलं, वर काही झालंय का. मग पहाटेपर्यंत दिवा विझवलाच नाही.”

बाबा पायरीवर बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडवत राहिले.

त्यानंतर पुष्कळदा ते रोरोनं गेले. सिग्नल लाल असो की हिरवा, तिथं त्यांनी परत हॉर्न दिला नाही. कोलाडहून निघायच्या आधी ते बूथवरून नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन करायचे आणि एकच शब्द सांगायचे. दुकानातला मुलगा सायकलवरून वाडीत यायचा, गडग्यापाशी एक पाय टेकवून ओरडायचा, “काकू, रेल्वेनं!”

आई आतून हो म्हणायची, आणि पडवीचं दार लावून घेऊन झोपायची.