चुण्या घातलेलं पोट

जबलपूरच्या आमच्या मराठी घरात पोटाचा विषय दोनच प्रकारे निघतो: काय खाल्लं आणि इतकं का खाल्लं. त्यामुळे वहिनी "पोटाला आतून टाके घालून घ्यावेत म्हणते" असं बोलल्या तेव्हा आईला कळेना, ही शस्त्रक्रिया की शिवणकाम.

तसं पाहिलं तर शिवणकामच. भूल देऊन तोंडातून दुर्बीण उतरवतात, तिच्या टोकाशी सुईदोऱ्याचं यंत्र असतं. जठराच्या फुगीर कडेने टाके घेत ती बाजू आत दुमडतात, पिशवीची अरुंद नळी होते. बाहेर व्रण नाही, काही कापून काढायचं नाही. थोडक्या जेवणात पोट भरतं आणि बराच वेळ भरलेलं राहतं. माणसावरचे पहिले प्रयोग 2012 साली भारतातच झाले, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

वहिनींचं वजन 92 किलो, उंची 155 सेंटिमीटर, शिवाय मधुमेह. नागपूरच्या डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला. घरात मी 'वाचणारा', म्हणून 'लॅन्सेट'मध्ये 2022 साली आलेली अमेरिकेतली 'मेरिट' चाचणी समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. नऊ केंद्रं, 209 माणसं, बहुतेक बायकाच. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी: 85 जणांना टाके आणि आहार-व्यायामाचा सल्ला, 124 जणांना नुसता सल्ला. वर्षभराने टाकेवाल्यांचं वजन सरासरी 13.6 टक्के उतरलं, सल्लेवाल्यांचं 0.8. गंभीर त्रास दोन टक्के लोकांना झाला, मृत्यू एकही नाही.

मला त्या 0.8 वर थांबावंसं वाटतं. आपल्याला टाके मिळालेले नाहीत हे त्या 124 जणांना ठाऊक होतं, आणि वर्ष संपल्यावर ते मिळू शकतील हेही. अशा वर्षात कोण मन लावून फिरायला जाईल? खोटी दुर्बीण घालून केलेली तुलना असती तर आकडे थोडे जवळ आले असते, असा माझा अंदाज. पण 13 आणि 1 मधलं अंतर तेवढ्याने पुसलं जात नाही.

मग मी पेन घेऊन बसलो. 92 चे 13.6 टक्के म्हणजे साडेबारा किलो. उरले साडेएकोणऐंशी. आपल्याकडे बीएमआय 25 झाला की लठ्ठपणा धरतात. वहिनींच्या उंचीला ती रेघ येते 60 किलोवर. म्हणजे सगळं नीट पार पडलं, तरी कागदावर त्या लठ्ठच.

"भाऊजी, साठ कुणी मागितलेत?" वहिनी म्हणाल्या. "मला जिना चढायचाय. इन्सुलिनची सुई लांबवायचीय."

यावर माझ्या पेनाकडे उत्तर नव्हतं. मी टाके सैल पडू शकतात हे सांगितलं, पहिले काही दिवस मळमळ आणि पोटदुखी असते हेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यानंतर किती दिवस पातळ खायचं. काही आठवडे, मी म्हणालो.

आईने लगेच हिशेब मांडला: म्हणजे दिवाळी नको, गणपतीही नको. कमानिया गेटची खोव्याची जिलबी तिने बोटांवर वेगळी मोजली, तिला सण लागत नाही.

"पितृपक्षात करून टाकते," वहिनी म्हणाल्या. पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत, असं आई पुटपुटली. टाके घालणं शुभ की अशुभ, यावर मग दोघींचं अर्धा तास चाललं. नागपूरची तारीख अजून घ्यायची आहे.