नेमणुकीच्या वाटेवरचीं गांवें

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर येवत आणि केडगांव ह्या स्थानकांच्या मध्यें खुटबाव हें दौंड तालुक्यांतील एक लहानसें स्थानक आहे. जलद गाड्या येथें थांबत नाहींत. पुणें-दौंड जा-ये करणाऱ्या संथ गाड्या तेवढ्या थांबतात, आणि त्यांतून दूधवाले, विद्यार्थी, कामगार व कचेऱ्यांतील कारकून चढतात-उतरतात. पुण्यापासून दिकसळपर्यंतचा हा मार्ग १८५८ सालीं खुला झाला. दौंडाहून मनमाडास जाणारा फांटा १८७८ सालीं झाला. म्हणजे ह्या भागांतील मनुष्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ दूर जाण्याची सोय आहे. तरीसुद्धां नोकरीपुरतें त्याचें जग बहुधा पुण्याशींच संपतें. दौंडाच्या पुढें रूळ दोन दिशांस फुटतात हें त्याला ठाऊक असतें; परंतु त्या रुळांवरून आपलें बिऱ्हाड कधीं जाईल, असें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं.

आमच्या घरांत हा विचार शिरला तो एका निवडयादीमुळें. आमच्या सौभाग्यवतींची राज्यशासनाच्या सेवेंतील एका पदासाठीं निवड झाली. पेढे वाटून झाले, आणि मग वाट पाहण्यास आरंभ झाला. कागदपत्रांची पडताळणी झाली, वैद्यकीय तपासणी झाली. नेमणुकीचें पत्र मात्र येईना. महाराष्ट्राचे महसुली विभाग ६: कोंकण, पुणें, नाशिक, छत्रपति संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. त्यांत जिल्हे ३६. ह्यांपैकीं कोठें पाठवणी होईल हें कोणीच सांगूं शकत नव्हतें. विभागांचा पसंतिक्रम लिहून द्यावा लागेल, एवढेंच काय तें कळलें होतें. घरीं ७८ वर्षांच्या मातुश्री, चौथींत शिकणारी मुलगी, आणि आमची स्वतःची जवळच्या शाळेंतील शिक्षकी. तेव्हां हा क्रम लिहिणें म्हणजे नुसता कागद भरणें नव्हतें.

भेटीस येणारा प्रत्येक जण एकच आशीर्वाद देई: "पुणें विभाग मिळो!" विदर्भ किंवा मराठवाडा ह्यांचें नांव निघालें कीं चेहरे उतरत. "तिकडे म्हणजे शिक्षाच कीं!" असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं स्पष्टच म्हटलें. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. छत्रपति संभाजीनगर विभागांत ८ जिल्हे, अमरावतींत ५ व नागपुरांत ६, म्हणजे एकूण १९ जिल्हे होतात. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र ही जर शिक्षेची जागा, तर तेथें जन्मास आलेल्या कोट्यवधि लोकांनीं कोणता अपराध केला? ज्यांच्या पैशांतून पगार घ्यावयाचा, त्यांच्याच गांवास काळें पाणी म्हणावयाचें, हें कोणत्याहि सुशिक्षित घरास शोभत नाहीं.

ही कल्पना आजची नव्हे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची १८७८ सालीं पुण्याहून नाशिकास व १८७९ सालीं धुळ्यास बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. पुण्याच्या पुढाऱ्यांविषयीं सरकारच्या मनांत संशय होता, आणि धुळ्याची ती बदली लोकांनीं शिक्षा म्हणूनच ओळखली. तथापि रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांस त्या परगांवच्या दिवसांचें मोल सांगावयास नको. पुण्याच्या भरल्या घरांत ज्या शिक्षणास पदोपदीं अडथळा होई, तें शिक्षण परगांवच्या बिऱ्हाडांत मोकळेपणीं होऊं लागलें. बदलीचें गांव कधीं कधीं माणसाला असें वाढूं देतें.

म्हणून आम्हीं ठरविलें कीं, पत्राची वाट ओसरीवर बसून पाहावयाची नाहीं. सुट्या जमवाव्या, आणि ज्या गांवीं राहावें लागण्याचा संभव आहे तीं गांवें स्वतः पाहून यावीं. काय पाहावें हा प्रश्न मातुश्रींनींच सोडविला. त्या म्हणाल्या, "देवळं आणि किल्ले मागाहून बघा. तिथं पाणी कुठलं पितात, तें आधीं विचारून या." दौंड तालुक्यांत आयुष्य गेलेल्या बाईंनीं असें म्हणावें ह्यांत नवल नाहीं. खडकवासल्याहून निघालेल्या मुठेच्या कालव्याचें आवर्तन केव्हां सुटतें, ह्यावर येथील ऊंस आणि गुऱ्हाळें अवलंबून असतात. त्या एका प्रश्नास आम्हीं आणखी दोन जोडले: अपरात्रीं घरून निरोप आला तर खुटबावास किती वेळांत पोंचतां येईल? आणि आपलें कोणी नसतां येथें कोणाच्या आधारानें दिवस काढतां येतील? नियम एकच केला, कीं प्रत्येक गांवीं निदान एक रात्र काढावयाची व पहांटे नळास पाणी येईपर्यंत हलावयाचें नाहीं.

पहिलें गेलों तें नाशिकास. पुण्याहून तेथें सरळ लोहमार्ग नाहीं. रस्त्यानें जाणें सोयीचें पडतें. तरी सकाळीं निघालेला मनुष्य दुपारीं पोंचतो, म्हणजे आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक मिळालें. पाणी गोदावरीवरील गंगापूर धरणाचें. जुन्या नाशकांतील एका वाड्याच्या माडीवर आम्हांस उतरावयास जागा मिळाली. तिसऱ्या प्रश्नासाठीं आम्ही सार्वजनिक वाचनालयांत गेलों. ही संस्था १८४० सालची आहे. ज्या शहरांत पुस्तकांचें घर इतकीं वर्षें टिकून राहतें, तेथें परक्या माणसास संध्याकाळीं जावयास एक ठिकाण असतें, हा आमचा अनुभव. उणें एकच: जागांचीं भाडीं पुण्याशीं स्पर्धा करूं लागलीं आहेत, आणि मुंबई-पुण्याची धांवपळहि त्यांच्या पाठोपाठ आली आहे.

छत्रपति संभाजीनगरास गेलों तेव्हां, वेरूळ न पाहतां परत आलों असें सांगितल्यावर पुष्कळांनीं आम्हांस वेड्यांत काढलें. परंतु ह्या शहरांत पाण्याचीच गोष्ट सर्वांत मोठी आहे. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत डोंगराच्या पोटांतील झऱ्यांचें पाणी भुयारी नहरांतून येथें आणलें. पाणचक्कीच्या हौदांत तसल्याच एका नहराचें पाणी पडतें. आज शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. हें विस्तीर्ण धरण १९७६ सालीं पुरें झालें. तथापि पाणी दूरवरून व उंचावर चढवून आणावें लागत असल्यामुळें कित्येक वर्षें येथें कांहीं दिवसांच्या अंतरानेंच पाणी सोडण्यांत येत आलें आहे. आम्ही ज्या गल्लींत उतरलों होतों, तेथें पाण्याचा दिवस सणासारखा मानीत. शेजारच्या एका बाईंनीं आमच्या सौभाग्यवतींस टाक्या, पिंपें, कोणत्या दिवशीं धुणें काढावें व कोणत्या दिवशीं काढूं नये, हा सारा कारभार तासभर समजावून दिला. उठतांना त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही आलात तर पहिल्या आठवड्याचं पाणी आमच्या टाकींतून घ्या." पाणी जेथें दुर्मिळ, तेथें तें देऊं करणाऱ्याचें मोल काय वर्णावें? आमच्या पहिल्या प्रश्नास ह्या शहरानें वाईट उत्तर दिलें. तिसऱ्यास मात्र इतकें चांगलें उत्तर दुसऱ्या कोणत्याहि गांवीं मिळालें नाहीं.

रत्नागिरीस आम्ही श्रावणांत गेलों. पाणी शीळ धरणाचें. येथील नगर वाचनालय तर १८२८ सालचें, म्हणजे नाशिकच्याहूनहि जुनें. हिरवळ, कौलारू घरें, मोजकें बोलणारीं माणसें. मुलीस हें गांव फार आवडलें. परंतु परततांना घांटांत दरड आल्यामुळें गाडी पांच तास एका जागीं उभी राहिली. त्या पांच तासांत आम्ही उभयतांहि बोललों नाहीं. दोघांच्या मनांत एकच विचार होता, कीं ह्याच वेळीं घरून निरोप आला असता तर?

अमरावतीस जातांना मातुश्रींनीं बरोबर येण्याचा हट्ट धरला. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्यें आम्ही पुण्यास बसलों. रात्रीं ती गाडी खुटबावावरून न थांबतां गेली. मातुश्री खिडकीशीं बसून आपल्या घराचा दिवा दिसतो काय हें पाहत होत्या. दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला असें करीत दुसऱ्या दिवशीं बडनेऱ्यास उतरलों. अंतर मोठें खरें. पण एकदां गाडींत बसलें कीं मध्यें कोठें उतरणें नाहीं, कीं घांटांत अडकणें नाहीं. शहरास पाणी मोर्शी तालुक्यांतील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचें. पूर्वीं वडाळी व छत्री ह्या तलावांवर भागत असे. अंबादेवीचें दर्शन मातुश्रींनीं घेतलेंच, आमचा नियम त्यांस लागू नव्हता. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालीं ह्याच गांवीं स्थापन झाला व मागाहून नागपुरास गेला. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे परगांवाहून येऊन अमरावतीचेच झाले. १९४६ सालीं त्यांनीं कुष्ठरुग्णांसाठीं येथें तपोवन उभारलें. बाहेरच्या माणसानें एखाद्या गांवास आपलें म्हणावें, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण कोणतें?

ज्या घरीं खोली पाहावयास गेलों, त्या घरच्या आजीबाई मातुश्रींच्याच वयाच्या. त्यांच्या घरीं आजवर बदलीवर आलेलीं पुष्कळ बिऱ्हाडें राहून गेलेलीं. त्या हंसून म्हणाल्या, "बदलीवाला मानूस रडत येते, अन् जातानी बी रडतच जाते." हें वाक्य विदर्भांत अनेकांच्या तोंडीं आहे, परंतु ज्या ओसरीवर तें दोन्ही वेळचें रडणें झालें असेल, तेथें बसून ऐकतांना त्याचा अर्थ निराळाच लागतो. दोघी वृद्धा त्यानंतर दोन तास बोलत बसल्या. एकीची वऱ्हाडी बोली व दुसरीची देशावरची, पण कोठें अडलें नाहीं.

तेथून नागपुरास गेलों. १९५६ पर्यंत हें राजधानीचें शहर होतें, तें अजून त्याच्या रुंद रस्त्यांवरून व जुन्या झाडांवरून ओळखूं येतें. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून विधिमंडळाचें एक अधिवेशन येथें भरतें. पाणी पेंच व कन्हान ह्या नद्यांचें. १८७० सालचा अंबाझरी तलाव आतां मुख्यतः फिरावयास जाण्याचें ठिकाण झाला आहे. उन्हाळ्याची कीर्ति ऐकून होतोंच. दुकानदार म्हणाला, "मे महिन्यांत या, मग ठरवा." सल्ला प्रामाणिक होता, आणि आम्हीं तो टिपून ठेविला.

घरीं परतल्यावर पसंतिक्रमाचा कागद पुढें घेऊन बसलों. २००५ सालच्या बदल्यांच्या कायद्यानें एका जागीं राहण्याचा सामान्य काळ ३ वर्षांचा ठरविला आहे. म्हणजे मुलीची चौथी ते सातवी; आणि मातुश्रींच्या वयाचीं तीन वर्षें, जीं कोणासहि मोजून देतां येत नाहींत. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "आई, तुमच्यासाठीं पुणें पहिलं लिहितें." मातुश्रींनीं जपाची माळ खालीं ठेविली. "माझ्या नांवावर कांहीं लिहूं नकोस. साठ वर्षांमागं सांगलीहून मी ह्या घरांत आलें, तेव्हां मला कोणी पसंतीचा क्रम विचारला होता? पाणी जड लागलं, माणसं ओळखीचीं नव्हतीं. आणि आतां तुम्ही म्हणतां, मला इथून हलवूं नये! तुला काम कुठं नीट करतां येईल तें बघ. मी अंगणांतली तुळस कोणावर तरी सोंपवून येईन, नाहीं तर इथंच राहीन. तें माझं मी ठरवीन."

ह्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. पुणें पहिलें लिहिलें, तें केवळ जवळ म्हणून, दुसरें अमरावती, तिसरें नाशिक, मग छत्रपति संभाजीनगर, नागपूर आणि कोंकण. शेवटच्या नांवासहि आम्ही शिक्षा म्हणणार नाहीं, कारण तेथील वाचनालयाची पायरी आम्ही चढून आलों आहों.

नेमणुकीची वाट पाहणारीं घरें आज महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. पत्र लवकर आणणें त्यांच्या हातीं नसतें. परंतु जेथें अन्न खावयाचें तें गांव आधीं ओळखून घेणें हातीं असतें. पर्यटकासारखें न जातां भाडेकऱ्यासारखें जावें, एक रात्र राहावें, पहांटे नळाचा आवाज ऐकावा, शेजारणीशीं बोलावें. नकाशावरील नुसत्या ठिपक्याचें भय वाटतें. जेथल्या एका घरीं आपण चहा घेतला, त्या गांवाचें तितकें वाटत नाहीं. आमचें पत्र अद्यापि आलेलें नाहीं. अमरावतीच्या आजीबाईंचा मात्र दर पंधरवड्यास मातुश्रींना फोन येतो, आणि खोली अजून कोणास दिली नाहीं, असें त्या न विचारतां सांगतात.