देणाऱ्यांच्या घरात

सेवाव्रती माणसांची चरित्रं आपल्याकडे सहसा कुणी विकत घेत नाही, ती मिळतात. वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ नंबर आला की मिळतात, दहावीला बरे मार्क पडले की मिळतात, एखाद्या काकांच्या षष्ट्यब्दीत आहेराऐवजी मिळतात. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का असतो आणि पुढची पानं अनेकदा कोरीच्या कोरी, न उलटलेली. माझ्याकडे अशी अकरा पुस्तकं आहेत. नोकरी लागल्यावर पुण्यात खोली घेतली तेव्हा ती आईने पोत्यात भरून पाठवली, आणि मग कधीतरी एका पावसाळ्यात मी ती ओळीने वाचून काढली.

तीन-चार वाचली की या पुस्तकांचा साचा कळतो. बरं चाललेलं घर, एक हादरवणारा प्रसंग, निश्चय, हालअपेष्टा, शेवटी पुरस्कार. वाचताना छाती भरून येते आणि मिटल्यावर मनात एकच वाक्य उरतं: हे आपल्याला जमणार नाही. खरं सांगायचं तर या वाक्यात नम्रता कमी आणि सुटका जास्त असते. एखाद्याला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्यासारखं वागायची जबाबदारी संपते. नमस्कार केला की झालं.

मला या साच्यातून बाहेर काढलं ते साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’ने. आनंदवनाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते: १९५१ साल, वरोऱ्याजवळची खडकाळ, साप-विंचवांनी भरलेली पन्नास एकर जमीन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. भाषणात हे १४ रुपये हमखास येतात. पण तेव्हा त्या माळावर आणखी दोन जीव होते, पावणेचार वर्षांचा विकास आणि अडीच वर्षांचा प्रकाश. निश्चय बाबांचा होता. या दोघांना तापात कुणी मांडीवर घ्यायचं, संध्याकाळी चुलीत काय घालायचं, हा निश्चयाचा उरलेला अर्धा भाग होता आणि तो साधनाताईंच्या वाट्याला आला. नागपूरच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली ही मुलगी, देवावर श्रद्धा असलेली. नवऱ्याचा कर्मकांडावर विश्वास नाही. दोघांनी एकमेकांना बदलून टाकलं नाही, काम मात्र एकच केलं. पुस्तकाला नाव देताना त्यांनी ज्वाला निवडली नाही, यज्ञात पडणाऱ्या काटक्या निवडल्या. आग दुरून दिसते. काटक्या मात्र वेचून आणाव्या लागतात आणि रोज आणाव्या लागतात.

मग मी मुद्दाम अशीच पुस्तकं शोधायला लागलो. महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध आहे, पण त्यांच्या पत्नीचं, बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ही आहे. बाया म्हणजे पूर्वीची गोदूबाई, बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३मध्ये कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. अण्णा गणित शिकवायला हिंगण्याहून फर्ग्युसनला चालत जायचे, हे आपण शाळेत शिकतो. बहिष्कृत घरात मुलं वाढवणाऱ्या बाईवर प्रश्न येत नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ने तर मला दानाची दुसरीच बाजू दाखवली. पार्वतीबाईही विधवा. कर्व्यांच्या आश्रमासाठी त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १९१८मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आपल्याला इतिहासात देणारे दिसतात. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातुःश्री नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. ते योग्यच होतं. पण कुणाच्या तरी दारात उभं राहून, नकार ऐकून, पुन्हा दुसऱ्या दारात जाणाऱ्या बाईने जे दिलं त्याची पावती कोण फाडणार? मागणाऱ्याला आपला मान द्यावा लागतो. तेही दानच, आणि पैशांहून अवघड.

या पुस्तकांमुळे मला आमच्याच घरातली एक गोष्ट नव्याने दिसली. गावच्या वाचनालयात संगमरवरी फलकावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे. शिक्षकाच्या पगारात त्यांनी त्या काळी इमारत निधीला मोठी रक्कम दिली, हे आम्ही कौतुकाने ऐकत मोठे झालो. ती रक्कम आजीच्या पाटल्या मोडून आली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते वाक्य गोष्टीत कंसात यायचं. मी एकदा आजीला विचारलं, वाईट वाटलं होतं का? ती गहू निवडत होती. म्हणाली, “वाचनालय चांगलंच झालं की. त्यांनी विचारलं असतं तर दिल्याच असत्या.”

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. पण ‘विचारलं असतं तर’ या शब्दांपाशी मी बराच अडकलो. न विचारता घेतलेलं चांगल्या कामाला लागलं, तरी ज्याच्या हातून गेलं त्याचा देण्याचा आनंद हुकतोच.

१८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी दलित कुटुंबांसाठी जमीन कुणी देईल का असं विचारलं आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिले, तिथून भूदान सुरू झालं. विनोबा दानाची व्याख्या शंकराचार्यांकडून घेत: दान म्हणजे संविभाग, नीट वाटून घेणं. उपकार नाही, वाटणी. मला वाटतं ही व्याख्या देणाऱ्याच्या उंबऱ्याच्या आतही लागू व्हायला हवी. बाहेरच्याला वाटा देताना घरातल्या माणसाचा वाटा, त्याचा होकार आणि त्याचं नाव, हेही मोजायला हवं. श्रद्धेचा अर्थही मग थोडा बदलतो. नवऱ्याच्या स्वप्नावर विश्वास ठेवून उद्याचं पीठ आज दळून ठेवणं, हीसुद्धा श्रद्धाच, फक्त तिच्यावर कुणी प्रवचन करत नाही.

हे सगळं आता सांगायचं कारण माझी एक मैत्रीण. ती डॉक्टर आहे. शहरातली नोकरी सोडून दोन वर्षं गडचिरोलीकडे काम करायचं तिच्या डोक्यात आहे. घरी ती आणि आई, दोघीच. फ्लॅटचा हप्ता तिच्या पगारातून जातो. हेमलकशाचं वाचायचंय म्हणून तिने माझ्याकडे डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ मागितलं. मी ते दिलं, सोबत ‘समिधा’ही दिलं आणि म्हटलं, हे आधी काकूंना दे.

काकूंनी ते आठवडाभरात संपवलं आणि एका रविवारी वही काढली. तिकडे पगार किती, हप्त्याचं काय, माझ्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार, तू महिन्यातून किती वेळा येणार, आणि दिवाळीत मीच तिकडे आले तर चालेल का. मैत्रीण मला फोनवर वैतागून सांगत होती, आईने केवढी यादी केली बघ. मी म्हटलं, यादी केली म्हणजे नाही म्हणाली नाही. निर्णय अजून व्हायचाय. पण दोघी आता रोज जेवण झाल्यावर ती वही घेऊन बसतात.