नवीन मॅडम, एखादा खेळ घ्या

शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणाचं वेळापत्रक बघा. पहिल्या ओळीत नोंदणी, दुसऱ्या ओळीत दीपप्रज्वलन आणि स्वागत, आणि तिसऱ्या ओळीत हमखास एक शब्द: वातावरणनिर्मिती. पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणी ज्याला आइसब्रेकर म्हणतात, ते हेच. त्यांच्याकडे त्यासाठी एचआर असतो. आमच्याकडे खोलीतलं वयाने सगळ्यात लहान माणूस असतं, आणि गेलं दीड वर्ष ते माणूस म्हणजे मी.

माझं गाव नाशिक जिल्ह्यात. २०२३ ला टेट दिली, २०२४ ला पवित्र पोर्टलवरून धाराशिव जिल्हा मिळाला, समुपदेशनात लोहारा तालुका आला आणि द्विशिक्षकी शाळा आली. पद शिक्षणसेवक, मानधन सोळा हजार, मुदत तीन वर्षं. बाकी सगळं नवीन. मुलं 'सर येऊलालेत' म्हणायची, तर पहिले चार दिवस मला वाटायचं की सरांना काहीतरी झालंय.

महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद होते. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांचा गट. त्यातल्या एका शाळेत सगळे जमतात, केंद्रप्रमुख असतात, एखादा आदर्श पाठ होतो, मग सूचना, मग राहिलेल्या लिंक भरण्याची आठवण. जुने लोक अजून 'गटसंमेलन'च म्हणतात. त्या सगळ्याच्या आधी केंद्रप्रमुख सतरंजीवर नजर फिरवतात आणि म्हणतात, "नवीन मॅडम, एखादा खेळ घ्या."

खेळ ठरलेले आहेत. 'शिवाजी म्हणतो' सगळ्यांना इतका पाठ आहे की कुणी चुकत नाही, आणि कुणी चुकलं नाही की त्यात मजा राहत नाही. पावसाची टाळी दोन मिनिटांत संपते. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे डोंगराला आग लागली. गोल पळायचं, घेणाऱ्याने आकडा पुकारला की तेवढ्यांचा गट करायचा, जो सुटला तो बाद. हा खेळ लोकांची सरमिसळ व्हावी म्हणून घेतात. मी तो घेताना मधे उभी असते, त्यामुळे मला नीट दिसतं, आणि सरमिसळ होत नाही. 'तीन' म्हटलं की एकाच गाडीवरून, एकाच रिक्षातून आलेले तिघं एकमेकांना धरतात. 'पाच' म्हटलं की एका संघटनेचे पाच. बायका बायकांकडे, पुरुष पुरुषांकडे. कोण कुणाचा हात पटकन धरतो आणि कोण जरा थांबून धरतो, तेही दिसतं. बाद होणारी माणसं जवळपास दर वेळी तीच. एकाचे गुडघे गेलेत म्हणून, एक बाहेरच्या जिल्ह्यातली म्हणून, आणि एक का ते कुणी बोलत नाही म्हणून. हा खेळ म्हणजे केंद्राचा एक्स-रे आहे. पण एक्स-रे काढून घेण्यासाठी कुणी आलेलं नसतं.

कागदाच्या बेटाबद्दल तर बोलायलाच नको. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, सहा जणांनी त्यावर उभं राहायचं, मग कागद अर्धा, मग पाव. तालुक्याच्या एका प्रशिक्षणात हा खेळ होता. आमच्या गटातल्या एका मॅडम शांतपणे वही घेऊन खुर्चीवर बसल्या. "मी गुण लिहिते," म्हणाल्या. शेजारून कुणीतरी म्हणालं, लाजतात. त्या लाजत बिजत नव्हत्या. प्रशिक्षणाच्या प्रत्येक खेळाचा फोटो निघतो, तो ग्रुपवर जातो, अहवालात जातो आणि संध्याकाळपर्यंत गावातही पोचतो. ज्या गावात शिकवायचं, तिथंच राहायचं असेल, तर पाव कागदावर सहकाऱ्याचा दंड धरून उभ्या असलेल्या बाईचा फोटो हा खेळ उरत नाही. माझ्या मैत्रिणींच्या ऑफिसातला तसाच फोटो लिंक्डइनवर जातो आणि त्याला लाइक मिळतात. कागद तोच, खेळ तोच.

आणि खो. या जिल्ह्याला खो-खो शिकवावा लागत नाही. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे इथलीच. त्यामुळे बाहेरून आलेल्या एका मार्गदर्शकांनी "चला, बसल्या जागी खो-खो खेळू" म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, हुकमी खेळ सापडला. आधी हशा पिकला. मग मागून एक जण म्हणाले, "सर, आमच्यात बऱ्याच जणांना आधीच मिळालाय." त्यानंतर कुणी हसलं नाही.

हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या शासन निर्णयानंतर ऑनलाइन झाल्या. त्यात संवर्ग आहेत. गंभीर आजार असलेले, दिव्यांग, विधवा, त्रेपन्न वर्षं ओलांडलेले असे शिक्षक संवर्ग एकमध्ये. पती-पत्नी एकत्रीकरण संवर्ग दोनमध्ये. अशा शिक्षकाने तुमची शाळा मागितली आणि तुम्ही बदलीपात्र असाल, तर तुम्ही उठायचं. याला शिक्षकांच्या भाषेत खो बसणं म्हणतात. शब्द चपखल आहे. खेळातही पाठीवर थाप बसली की उठून पळायचं असतं आणि थाप देणारा तुमच्या जागेवर बसतो. फरक एवढाच की खेळात नऊ मिनिटांनी डाव संपतो, आणि इथं खो देणारे आणि खो बसलेले पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला एकाच सतरंजीवर बसतात. देणाऱ्याचंही खरं कारण असतं, डायलिसिस असतं, एकटीने सांभाळलेली पोरं असतात. दोघांनाही ते माहीत असतं. त्यावर पावसाची टाळी काय करणार?

एकदा मात्र एका खेळानं खरंच काहीतरी फुटलं, आणि ते घेणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन खरं, एक खोटं. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, खोटं कुठलं ते बाकीच्यांनी ओळखायचं. बहुतेकांनी 'मला कारलं आवडतं' छापाची वाक्यं सांगितली. मग लोहाऱ्याकडचे एक गुरुजी उठले. चाळिशी ओलांडलेले, कधी फारसं न बोलणारे.

"एक, मला पोहता येत नाही. दोन, तीस सप्टेंबरच्या रात्री मी घराबाहेर झोपलो होतो. तीन, मला शिक्षक व्हायचं नव्हतं."

मार्गदर्शक उत्साहात म्हणाले, "चला, ओळखा! दुसरं वाटतंय का खोटं?"

कुणीच बोललं नाही. मलाही कळेना. शेजारच्या मॅडम माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "त्र्याण्णव."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आपण त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतो, किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण सास्तूर आणि आसपासची गावं या जिल्ह्यातली, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसं गेली. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी बसवली गेली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. माझ्यासाठी तो स्पर्धा परीक्षेचा एक प्रश्न होता. इथं साल सांगावं लागत नाही.

"तिसरं खोटं," गुरुजीच शेवटी म्हणाले. "पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. तिथं एक सर यायचे. ते बघूनच ठरवलं होतं." आणि बसले.

मार्गदर्शक भले गृहस्थ होते. त्यांनी पुढचं नाव पुकारलं नाही, चहा सांगितला. चहाला मात्र कुणी चहाबद्दल बोललं नाही. कोण कुठं होतं, कुणाच्या आजीला कुणी बाहेर काढलं, कुणाच्या वर्गातली किती मुलं परत आली. खो दिलेले आणि बसलेले एकाच घोळक्यात उभे होते. वाचनाच्या टप्प्यांवरचं सत्र अर्धा तास उशिरा सुरू झालं.

त्यानंतर माझ्यावर खेळ आला तेव्हा मी खडूची भुकटी मागितली. आवारात जिल्हा काढला, जमेल तसा: वर कळंब-वाशी, डावीकडे भूम-परंडा, मधे धाराशिव, खाली तुळजापूर, उजवीकडे लोहारा-उमरगा. नियम एकच, कुणी कुणाला हात लावायचा नाही. पहिल्या फेरीत जन्मगावी उभं राहायचं, दुसरीत पहिल्या नेमणुकीच्या गावी, तिसरीत आत्ताच्या. परंड्यापासून उमरग्यापर्यंत शंभरावर किलोमीटर, इथं पंधरा पावलं. पहिल्या फेरीत बहुतेक जण उजव्या कोपऱ्यात गर्दी करून उभे राहिले. दुसऱ्या फेरीत सगळं अंगण भरलं. गुडघेदुखीचे सर पार परंड्यात एकटेच उभे, आणि तिथून ओरडून सांगू लागले की तिथं पहिल्या वर्षी मुक्कामाची एसटी चुकली की काय व्हायचं. वही घेऊन बसणाऱ्या मॅडम भूममध्ये होत्या. मला माहीतच नव्हतं.

पण त्याआधी, पहिल्याच फेरीत, गुरुजी लोहाऱ्याच्या रेघेवर येऊन थांबले होते.

"मॅडम, जुनं गाव की नवं?"

नकाशात दोन्ही एकाच पावलाखाली येत होती. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ते. त्यांनी चपलेनं भुकटी जरा बाजूला सारली, दोन बोटांएवढं अंतर ठेवून दोन ठिपके केले आणि पलीकडच्या ठिपक्यावर उभे राहिले.

मी कुठं उभी राहणार? नाशिक भूमच्याही पलीकडे, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपाशी, नळाजवळ. तिथूनच मी दुसरी फेरी पुकारली आणि चालत लोहाऱ्यात आले. तिथं आधीच सात-आठ जण होते. "सरका की जरा," कुणीतरी म्हणालं, "मॅडमची पहिलीच नेमणूक हाय." केंद्रप्रमुख फोटोसाठी उंच जागा शोधत होते, वरून काढला तर नकाशा दिसेल म्हणून. पण शाळेला जिना नव्हता, आणि पाण्याच्या टाकीवर चढायला कुणी तयार होईना.